वाचक विचारतात : काडतूस, तोफगोळा आणि भंगारात आलेलं संकट

मागच्या अंकात युक्रेनच्या लढाईतल्या तोफगोळ्यांच्या टंचाईवर लिहिलं होतं. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघानं वर्षभरात दहा लाख गोळे द्यायचं कबूल केलं आणि मुदत सरली तेव्हा गाडी निम्म्याच्या आसपास अडकली होती, असा तो विषय. त्यावर कोल्हापूर जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. फौंड्रीवाले, माजी सैनिक, भरतीची तयारी करणारी पोरं, एनसीसीचे कॅडेट अशा सगळ्यांची. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला पदक आणलं ती रायफल ५.६ मिमीची, आणि सैन्याची इन्सास ५.५६ ची. म्हणजे गोळी एकच ना? (शिक्षक, राधानगरी)

जाडीनं जवळपास एकच, बाकी सगळं वेगळं. स्वप्निलनं १ ऑगस्ट २०२४ ला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं ते पॉइंट टू-टूच्या काडतुसावर. त्याची गोळी २.६ ग्रॅमची, निव्वळ शिशाची, वरून मेणासारखं वंगण लावलेली. वेग सेकंदाला ३२०–३३० मीटर. तो मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवतात, कारण त्या वेगाची वेस ओलांडताना गोळी डळमळते आणि तिथं तर दहा गुणांचं वर्तुळच १०.४ मिमीचं.

इन्सासची गोळी चार ग्रॅमची, वेग सेकंदाला ९०० मीटरच्या वर. ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. गणित करून पाहा : टू-टूला १४० ज्यूलच्या आसपास, इन्सासला १६०० च्या वर. इतक्या वेगात नुसतं शिसं नळीतल्या आट्यांना, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांना, घासून सोलून निघेल, म्हणून त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच असतं. नाटो नमुन्याच्या गोळीत टोकाशी पोलादाचा खडाही बसवलेला असतो.

आणखी एक फरक बुडाशी आहे. टू-टूचा पेटवणारा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो. सैनिकी काडतुसाला मधोमध वेगळी टोपी असते. म्हणून वापरलेल्या टू-टूच्या पुंगळीच्या कडेला खाच दिसते आणि इन्सासच्या पुंगळीला मध्यभागी खळगा. चांगले नेमबाज एकाच कंपनीच्या दोन बॅचसुद्धा आपल्या नळीवर झाडून बघतात आणि जुळलेली बॅच साठवून ठेवतात. सैन्याला ही चैन नाही. तिथं कुठल्याही पेटीतलं काडतूस कुठल्याही रायफलीत चाललंच पाहिजे, मग नेमात थोडी सैल असली तरी हरकत नाही.

प्रश्न : सैन्याच्या रायफलींत एके-२०३ पण ७.६२ आणि सिग-७१६ पण ७.६२. एकीची गोळी दुसरीत बसते का? अकॅडमीत यावरून पैज लागलीय. (भरतीची तयारी करणारा, गडहिंग्लज)

बसत नाही. ७.६२ हा झाला पहिला आकडा, नळीचा. काडतुसाची खरी ओळख दुसऱ्या आकड्यात, म्हणजे पुंगळीच्या लांबीत असते. एके-२०३ चं काडतूस ७.६२×३९, सिगचं ७.६२×५१. शिवाय पुंगळीचा उतार वेगळा आणि गोळीचा प्रत्यक्ष व्यासही वेगळा : एकीचा ७.९ मिमीच्या आसपास, दुसरीचा ७.८. वरवर फरक कागदाइतका, पण नळीत हजारो वातावरणांचा दाब असताना कागदाइतका फरक पुष्कळ होतो.

पैजेसोबत हेही पाठ करा. एके-२०३ ची गोळी आठ ग्रॅमच्या आसपास, वेग ७१५ मीटर, ऊर्जा दोन हजार ज्यूल. सिगची साडेनऊ ग्रॅम, ८४० मीटर, ऊर्जा तीन हजारांच्या वर. पण सिगचं अख्खं काडतूस २४ ग्रॅमचं, एकेचं १६, इन्सासचं १२. म्हणजे त्याच वजनात इन्सासवाला सिगवाल्याच्या दुप्पट काडतुसं वाहतो. लांबवर जोर हवा की खिशात संख्या, यावर जगभरच्या सैन्यांत साठ वर्षं भांडण चालू आहे. आपल्याकडे तिन्ही काडतुसं एकाच वेळी सांभाळावी लागतात, आणि डेपोवाल्याचं डोकं दुखतं ते तिथं. चुकीची पेटी चौकीवर पोचली तर रायफल म्हणजे नुसती काठी.

प्रश्न : शिरोलीत आमची एसजी आयर्नची (ज्यात ग्रॅफाइट गोल दाण्यांत असतं, त्या चिवट ओतीव लोखंडाची) फौंड्री आहे. जगात तोफगोळे कमी पडतात म्हणता, मग आपण का ओतू नयेत? ट्रॅक्टरचे, पंपाचे अवघड पार्ट आम्ही रोज काढतो. (फौंड्री मालक)

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र दोन तुकड्यांत द्यावं लागेल.

१५५ मिमीच्या स्फोटक गोळ्याची बॉडी ओतत नाहीत, फोर्ज करतात. पोलादाच्या बारचा तुकडा अकराशे अंशांच्या आसपास तापवायचा, प्रेसखाली मधोमध भोक पाडून लांबवायचा, बाहेरून टर्निंग करायचं, मग तोंडाकडचा भाग पुन्हा तापवून दाबून निमुळता करायचा. त्यानंतर हीट ट्रीटमेंट, फिनिश मशिनिंग आणि बुडाजवळच्या खाचेत तांब्याची पट्टी दाबून बसवणं. ही पट्टी नळीतल्या आट्यांत रुतते. ती मागून गॅस निसटू देत नाही आणि गोळ्याला सेकंदाला दोनशेहून जास्त फेरे देते.

ओतीव का नाही, ते बुडाकडे बघितलं की कळतं. एम-१०७ या जुन्या नमुन्याचा गोळा ४३ किलोच्या आसपास, त्यात साडेसहा किलोच्या वर स्फोटक. तोफ सुटते त्या क्षणी त्याला गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पटीपर्यंत धक्का बसतो. हिशेब करा : ४३ किलोचा गोळा तेवढ्या क्षणापुरता ४३० टनांचा होतो. बुडात सुईच्या टोकाएवढं छिद्र, म्हणजे तुमच्या भाषेत श्रिंकेज पोरॉसिटी, असलं की मागचा तापलेला गॅस आत घुसून स्फोटकाला भिडतो. मग गोळा नळीतच फुटतो आणि तोफेवरची माणसं जातात. फोर्जिंगमध्येही बारच्या गाभ्यात असा दोष राहू शकतो, म्हणून एम-१०७ च्या बुडावर वेगळी चकती वेल्ड करतात. दिसायला छोटी ती गोष्ट, पण तिच्यावाचून गोळा पास होत नाही.

दुसरा तुकडा तुमच्या फायद्याचा. उखळी तोफेचा, म्हणजे मॉर्टरचा बॉम्ब अनेक देशांत एसजी आयर्नमध्ये ओततात. मॉर्टरची नळी गुळगुळीत, दाब कमी, बॉम्ब फिरत नाही, शेपटीच्या पात्यांवर सरळ जातो. ८१ मिमीचा बॉम्ब चार किलोच्या आसपासचा. साधं ग्रे आयर्न फुटलं की भुगा होतो आणि भुग्याला जोर नसतो, तर एसजीचे तुकडे कामाच्या आकाराचे होतात.

रिजेक्शन कशानं होतं ते ऐका, म्हणजे तुम्हीच ठरवाल. पहिलं, कोअर, म्हणजे आतली पोकळी राखणारा साचा, सरकणं. भिंत एका बाजूला जाड झाली की बॉम्ब लंगडा उडतो. पंपाच्या केसिंगला चालणारा अर्ध्या मिलिमीटरचा फरक इथं चालत नाही. दुसरं, ग्रॅफाइट गोल करणाऱ्या मॅग्नेशियमची मात्रा ओतता ओतता उतरणं. लॅडलच्या, म्हणजे ओतायच्या भांड्याच्या, शेवटच्या साच्यांत ग्रॅफाइटचे दाणे बिघडतात, म्हणून शेवटचे नग वेगळे ठेवून तपासावे लागतात. तिसरं, वजन. प्रत्येक नग तोलला जातो. तोफगोळ्यांच्या अंगावर तर वजनाच्या गटाप्रमाणे छोटे चौकोन छापतात. नाटोच्या १५५ मध्ये चार चौकोन म्हणजे प्रमाण वजन आणि एका चौकोनाचा फरक साधारण अर्ध्या किलोचा. तोफची तो चौकोन बघून नेम दुरुस्त करतो. तुमच्याकडच्या वजनकाट्याचं कॅलिब्रेशन सहा महिन्यांपूर्वी संपलेलं असेल, तर टेंडर भरण्याआधी तो काटा बघा.

भरण्याचं काम फौंड्रीचं नाही, ते परवानाधारक कारखान्यांतच होतं. आपल्या राज्यात चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला आणि पुण्यात खडकीला. तरी एक गंमत सांगतो, तुम्हाला पटेल. वितळलेलं टीएनटी गोळ्यात ओततात तेव्हा तेही थंड होताना आकसतं आणि मधे पोकळी राहू शकते. म्हणून तोंडावर नरसाळं ठेवून वरून जादा माल पुरवतात. तो तुमच्या ओतकामातला रायझरच झाला. पोकळी राहिली तर सुटताना स्फोटक त्या पोकळीत आपटतं, म्हणून भरलेल्या गोळ्यांचा एक्स-रे काढतात.

शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ खाली दारूगोळ्याच्या उत्पादनाला परवाना लागतो. ‘नुसती बॉडी तर ओततोय’ असं म्हणून ड्रॉइंग घेऊन आलेल्या मध्यस्थाच्या नादी लागू नका. टेंडर, परवाना आणि तपासणी अधिकारी या तिघांचे कागद समोर आल्याशिवाय पॅटर्नला हात लावायचा नाही.

प्रश्न : मी तोफखान्यात होतो. आमची बोफोर्स २४ किलोमीटर टाकायची, तीही १५५. आता त्याच १५५ च्या एटॅग्स या नव्या देशी तोफेनं ४८ किलोमीटर टाकले म्हणतात. पोरं विचारतात, मला समजावून सांगता येत नाही. (निवृत्त हवालदार, सैनिक टाकळी, ता. शिरोळ)

हवालदारसाहेब, पोरांना आधी नळी मोजायला लावा. बोफोर्सच्या नळीची लांबी ३९ कॅलिबर, म्हणजे १५५ मिमीच्या ३९ पट, सहा मीटरच्या किंचित वर. धनुष या देशी तोफेची ४५ कॅलिबर, सात मीटरला थोडी कमी. एटॅग्सची ५२, म्हणजे आठ मीटरच्या पुढं. नळी लांब तितका गॅस गोळ्याला जास्त वेळ ढकलतो. त्यातच एटॅग्सचं दारूचं घर २५ लिटरचं आहे, ३९ कॅलिबरच्या तोफांत ते १८ लिटरच्या आसपास असतं. जास्त दारू आणि जास्त वेळ, दोन्ही हाताशी.

उरलेली करामत गोळ्याची. साध्या गोळ्याच्या सपाट बुडामागं हवेची पोकळी तयार होते आणि ती त्याला मागं ओढते. बेस ब्लीड गोळ्यात बुडाशी हळू जळणारा मसाला असतो, त्याचा धूर ती पोकळी भरतो. तो रॉकेटसारखा ढकलत नाही, नुसती ओढ कमी करतो. तुमच्या बोफोर्सलाही असा गोळा दिला की ती तीसपर्यंत जायची. ४८ चा आकडा खास गोळ्याचा, साध्याचा नव्हे. पोरांनी हे वाक्य खाली रेघ मारून लिहून ठेवावं, कारण टीव्हीवर नेमकं तेच गळतं.

किंमतही मोजावी लागते. मोठा चार्ज सतत वापरला की नळी झिजते, वेग घटतो आणि गोळा आखूड पडू लागतो. दारूचं तापमान २१ अंश धरून कोष्टकं बनवलेली असतात. जैसलमेरच्या उन्हात तापलेली दारू गोळा पुढं टाकते, थंडीत गारठलेली अलीकडे. आणि उंचीचं तर तुम्ही बघितलंच असेल. पाच हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांवर येते, गोळ्याला अडवायला कोणी राहत नाही आणि सपाटीवरच्या कोष्टकाप्रमाणे मारलेला गोळा शिखर ओलांडून पलीकडच्या दरीत जातो. कारगिलला १९९९ मध्ये सुरुवातीला हीच अडचण होती. पुढं आकडे जुळवत जुळवत तोफखान्यानं अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेट टाकली. दिवसाला पाच हजारांच्या आसपास, आणि टायगर हिल घेतली त्या दिवशी नऊ हजार.

हे पाच हजार आकड्यात लहान वाटतात. ४३ किलोनं गुणा, वर दारूचे चार्ज, फ्यूज आणि पेट्यांची लाकडं धरा. दिवसाला तीनशे टनांच्या घरातला माल झोजिला ओलांडून चढवायचा. सगळे गोळे १५५ चे नव्हते, त्यामुळे खरा आकडा कमी असेल, पण ट्रकांची रांग डोळ्यांपुढं येते.

प्रश्न : पडलेला गोळा फुटत नाही असं का होतं? (विद्यार्थिनी, शाहूपुरी)

गोळा फुटायचा की नाही हे फ्यूज ठरवतो, म्हणजे टोकावरची ती घड्याळासारखी वस्तू. तिचं पहिलं काम न फुटण्याचं असतं. ट्रकमधून आदळलं, हातातून पडलं तरी आतली साखळी जुळता कामा नये. तोफ सुटल्याचा धक्का आणि गोळ्याची फिरकी या दोन्ही गोष्टी लागोपाठ घडल्या तरच कुलपं उघडतात, तीही नळीपासून काही अंतर गेल्यावर. मग आदळताक्षणी, किंचित उशिरानं भिंतीत शिरल्यावर, ठरलेल्या सेकंदाला किंवा जमिनीपासून काही मीटरवर असतानाच, जसं लावलं असेल तसं तो पेटतो. हा शेवटचा प्रकार म्हणजे छोटा रेडिओच. जमिनीवरच्या लढाईत तो डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियमच्या जंगलात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरला.

मऊ चिखल, ताजा बर्फ, फार तिरका कोन, कोठारात गंजलेली स्प्रिंग, घाईत चुकीचं लावलेलं फ्यूज. यातलं काहीही झालं की गोळा तसाच राहतो. आणि इथं लोक फसतात. पेटीतल्या न झाडलेल्या गोळ्याची कुलपं बंद असतात. झाडून न फुटलेल्याची उघडलेली असतात, फक्त शेवटचा ठोका राहिलेला असतो. बेल्जियम आणि फ्रान्सच्या शेतांत पहिल्या महायुद्धातले असे गोळे अजून नांगराला लागतात आणि दरवर्षी टनावारी गोळा करून नष्ट करावे लागतात.

एका गोळ्यात डझनावारी छोटे बॉम्ब भरलेला प्रकार त्याहून वाईट. अमेरिकेच्या एका जुन्या १५५ मध्ये असे ८८ असतात, त्यातले थोडे जरी राहिले तरी शेतात सुरुंग पेरल्यासारखंच होतं. २००८ च्या करारानं ते बंद केले, पण भारत, पाकिस्तान, चीन, अमेरिका, रशिया, युक्रेन यांपैकी कोणी त्यात नाही.

प्रश्न : दारूगोळ्याला एक्स्पायरी असते का? लोखंडाला काय होतंय? (दुकानदार, लक्ष्मीपुरी)

लोखंडाला काही होत नाही, पण आतला माल तुमच्या दुकानातल्या शेंगदाण्यासारखा असतो. धूर न करणारी दारू कापसापासून केलेल्या नायट्रोसेल्युलोजची. ती आपोआप मंद गतीनं कुजते, त्यातून आम्लधर्मी वायू सुटतात आणि ते वायू कुजण्याला आणखी गती देतात. हे चक्र रोखायला त्यात स्थिरक मिसळतात. तो वायू शोषून घेतो आणि स्वतः संपत जातो. म्हणून कोठारातून ठरावीक काळानं नमुने काढून स्थिरक किती उरला ते मोजतात. संपत आला की ती बॅच आधी सरावाला वापरायची, नाहीतर नष्ट करायची. उष्णता हा सगळ्यात मोठा शत्रू. उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली पेटी मातीच्या कोठारातल्या पेटीच्या कितीतरी आधी म्हातारी होते.

उघडलेली पेटी, निसटलेलं सील, मिसळलेल्या बॅच ही रोजची दुखणी. दोन बॅचचे चार्ज एकाच तोफेवर आलटून पालटून वापरले की गोळे दोन वेगळ्या ठिकाणी पडतात आणि तोफची उगीच आपल्या दुर्बिणीला दोष देत बसतो.

स्फोटकही घामेजतं. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात आग लागून मोठा स्फोट झाला, तेव्हा बोट गेलं ते टीएनटी झिरपणाऱ्या रणगाडाविरोधी सुरुंगांकडे. साठा कमी ठेवला तरी गोत्यात, जास्त ठेवला तरी गोत्यात. कॅगच्या २०१७ च्या अहवालात १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या घमासान लढाईलाही पुरेसा नव्हता. आमच्या मते साठ्यापेक्षा कारखान्याची चालू लाइन महत्त्वाची. बंद पडलेली लाइन पुन्हा चालू करायला वर्षं जातात, आणि युरोपला तीच अडचण आली.

प्रश्न : भंगाराच्या ट्रकमधून गोळ्यासारखी वस्तू आली तर काय करायचं? आमच्याकडे मजूर गॅस कटर घेऊनच धावतात. (फर्नेस सुपरवायझर, गोकुळ शिरगाव)

या महिन्यातलं सगळ्यात गरजेचं पत्र हे. सप्टेंबर २००४ मध्ये दिल्लीजवळ साहिबाबादच्या पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारात जिवंत गोळे निघाले आणि स्फोटात दहा जण गेले. त्यानंतर आयात धातू भंगारासाठी जहाजात भरण्यापूर्वीच्या तपासणीच्या प्रमाणपत्रावर कडक नजर आली. माल घेताना त्याची प्रत मागा. ‘सगळं क्लिअर आहे’ हा व्यापाऱ्याचा फोन म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

ओळखायचं कसं? एक टोक निमुळतं, दुसरं सपाट. बुडाच्या थोडं वर अंगाभोवती हिरवट पडलेली तांब्याची पट्टी, किंवा ती निघाल्यावर उरलेली खाच. टोकाशी आटे किंवा आट्यांत बसलेला तुकडा. मॉर्टरचा बॉम्ब पेरूसारखा, मागं भोकं असलेली नळी आणि पाती. रंगाचे अवशेष राहिले असतील तर नाटो पद्धतीत हिरवट अंगावर पिवळी अक्षरं म्हणजे स्फोटक, निळा म्हणजे सरावाचा. पण गंजलेल्या वस्तूवर रंगाचा भरवसा धरायचा नाही. निळा रंग बघून सरावाचा म्हणून उचलला आणि फसला, असं होऊ शकतं. संशय आला की जिवंतच समजायचं.

मग करायचं ते असं. चुंबकाची क्रेन जिथं आहे तिथं थांबवा, पण धरलेला माल सोडू नका. खाली टाकला तर आदळेल, म्हणून वीजही घाईनं बंद करू नका. चुंबक रिकामा असेल तर बाजूला न्या. यार्डातली माणसं भिंतीआड, जितकं लांब जमेल तितकं लांब. मोठ्या गोळ्याचे तुकडे काहीशे मीटर उडतात, पत्र्याच्या शेडचा आडोसा आडोसा नव्हे. लांबून एक फोटो काढा, तोही झूम करून, मग ११२ ला फोन. पोलिसांचं बॉम्बशोधक व नाशक पथक येईपर्यंत कुणी परत आत जायचं नाही, चप्पल राहिली म्हणूनसुद्धा नाही. ट्रकचा नंबर, गेट पास, बिल जपून ठेवा आणि त्या खेपेचा बाकीचा ढीग हलवू नका. एक निघाला तर दुसराही असू शकतो.

पाणी ओतायचं नाही, वाळूत पुरायचं नाही, बादलीत घालून कंपाउंडबाहेर नेऊन ठेवायचं तर अजिबात नाही. गॅस कटरनं तांबं वेगळं काढायचा मोह हा सगळ्यात जीवघेणा. त्या तांब्याच्या पट्टीचे पैसे जिवापुढं काहीच नाहीत.

तुमच्या चार्जिंगवाल्यांना एवढंच सांगा : बंद सिलिंडर, बंद शॉकअप, दोन्ही तोंडं चेपलेला पाइप तुम्ही जसे बाजूला काढता, त्याच टोपलीत ही वस्तू. फक्त इथं ती टोपलीत टाकायला हात लावायचा नाही.

प्रश्न : पन्हाळ्यावर फिरताना झुडपात लोखंडी गोळा दिसला. शोकेसमध्ये ठेवावा का? (वाचक, वारणानगर)

नाही. भरीव गोळा हा नुसता गोळा असतो. १६६० च्या वेढ्यात सिद्दी जौहरकडून पन्हाळ्यावर मारा झाला तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीचा हेन्री रेव्हिंग्टनही तोफा घेऊन आला होता. पण जुन्या गोळ्यांत पोकळ, दारू भरलेले गोळेही असतात आणि वरून दोन्ही सारखेच गंजलेले दिसतात. काळी दारू ओली असताना मेल्यासारखी, वाळली की पुन्हा जिवंत. २००८ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात यादवी युद्धातला, म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षं जुना गोळा साफ करताना एका संग्राहकाचा जीव गेला. बाजूला भोक किंवा बूच दिसलं तर पक्कं लांब राहा. आणि गड संरक्षित आहे, २०२५ पासून जागतिक वारसा यादीतही आहे. जागा लक्षात ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवा.

प्रश्न : ‘दमदम गोळी’ काय असते? (वाचक, इचलकरंजी)

टोक उघडं ठेवलेली, शरीरात गेल्यावर फुलणारी गोळी. कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात १८९० च्या दशकात ती बनली म्हणून हे नाव. १८९९ च्या हेग जाहीरनाम्यानं सैन्यांना ती मना केली. पोलिस मात्र अनेक देशांत फुलणारी गोळी वापरतात, कारण ती आरपार जाऊन मागच्या माणसाला लागत नाही.

जाता जाता : काडतूस हा शब्दही पोर्तुगीज ‘कार्तुश’वरून आपल्याकडे आला. कागदी काडतूस दातानं तोडायचं होतं म्हणून १८५७ मध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. कोल्हापुरातली २७ वी पलटण उठली ती ३१ जुलैला.

प्रश्न : एनसीसीच्या फायरिंगला माझी गोळी सुटलीच नाही. मी बोल्ट उघडला म्हणून उस्ताद ओरडले. चूक काय? (कॅडेट, कोल्हापूर)

उस्ताद बरोबर ओरडले. घोडा पडून आवाज आला नाही तर तीन शक्यता. टोपीला ठोका नीट बसला नाही, माल खराब आहे, किंवा दारू धुमसते आहे आणि गोळी उशिरा सुटेल. या तिसऱ्यासाठी थांबायचं. नळी निशाण्याकडेच, बोट ट्रिगरबाहेर, दुसरा हात वर, तोंडानं सांगायचं. किमान तीस सेकंद तसंच, मग उस्ताद सांगतील तेव्हाच बोल्ट. बोल्ट बंद असताना सुटलेली गोळी पुढं जाते. उघड्या बोल्टातून सुटली तर पितळेचे तुकडे तुझ्याच चेहऱ्यावर.

आणि याच्या उलट, ‘फुस्’ असा अर्धवट आवाज आला, धक्का नेहमीपेक्षा कमी लागला, निशाण्यावर भोक नाही, तर लगेच दुसरी गोळी भरू नकोस. पहिली नळीत अडकलेली असू शकते आणि दुसरी तिला मागून धडकली की नळी फुगते. उस्तादांकडून रायफल रिकामी करून घे आणि नळीतून उजेड आरपार दिसतो का, ते त्यांनाच बघू दे.